चार तास थांबवलेली बातमी

बातमी हातात आली की मी आधी कागद बघतो, मजकूर नंतर. कागद कुणाचा, घडी कशी घातली, पाकीट कुणाच्या हातून आलं. मजकूर काय, कुणीही लिहितो. नांदेडच्या एका दैनिकात मी आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. खिळे गेले तेव्हा मला तालुक्याच्या डाकेवर बसवलं, आणि डोळे अधू होईपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठलो नाही. शिक्षण चौथी. संपादक बदलले, मालकाचा मुलगा मालक झाला, पण डाकेची खुर्ची कुणी मागितली नाही. ते काम कुणाला दिसतच नव्हतं.

काम काय होतं ते आताच्या वाचकाला सांगावं लागेल. प्रत्येक तालुक्याला पेपरचा एक वार्ताहर असे. तो बातमी हातानं लिहून पाकिटात घाली आणि नांदेडला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देई. आमचा माणूस स्टँडवरून पाकिटं गोळा करी. उमरी, माहूर, देगलूर, किनवट, सगळ्यांची पाकिटं माझ्या टेबलावर पडत. त्यातली खरी कोणती, शिळी कोणती, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेली कोणती, हे वेगळं करून आत पाठवायचं. अक्षराच्या वळणावरून मी माणूस ओळखायचो. माहूरचा वार्ताहर घाईत असला की त्याच्या ओळी गड उतरल्यासारख्या खाली जायच्या. ज्या दिवशी त्या सरळ आल्या, त्या दिवशी मी फोन लावून विचारलं. बातमी त्याच्या मेव्हण्यानं लिहिली होती, आणि मेव्हण्याच्याच सत्काराची होती.

पण एकदा मी विचारलं नाही. तेही सांगतो.

उमरीचा आमचा वार्ताहर भला माणूस. शेती, पेपरची एजन्सी आणि बातम्या, तिन्ही एकटाच बघायचा. तो वावरात असला आणि गावात काही घडलं तर बातमी चुकायची, म्हणून त्यानं एक सोय केली होती. पेपरच्या नावाचे पाच-सहा कोरे कागद, खाली आपली दस्तखत मारून, स्टँडवरच्या हॉटेलात ठेवलेले. अपघात झाला, नाल्याला पूर आला, की हॉटेलवाला नाहीतर एखादा मास्तर त्यावर चार ओळी लिहायचा आणि गाडीत द्यायचा. हे मला ठाऊक होतं. संपादक साहेबांनाही ठाऊक होतं. उलट आम्ही कौतुक करायचो, की उमरीची बातमी कधी चुकत नाही.

एक दिवस त्या कागदावर बातमी आली, की एका खेड्यातली अंगणवाडीची बाई लेकरांचा खाऊ घरी नेते. दस्तखत वार्ताहराची. वरचं अक्षर मात्र त्याचं नव्हतं. माझा हात थांबला. मग दस्तखत तर खरी आहे, असं म्हणून मी ती पुढं ढकलली. बातमी खोटी निघाली. तिच्याच बांधाच्या भांडणातल्या भावकीनं हॉटेलात चहा पिता पिता लिहिली होती. बाईची चौकशी बसली. चौकशीत ती सुटली, पण मधल्या काळात लेकरं तुटली ती पुन्हा पहिल्यासारखी आली नाहीत. आम्ही चौथ्या पानाच्या तळाला तीन ओळींचा खुलासा छापला. ती बाई एकदा हापिसात आली. भांडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "अक्षर कुणाचं हाय ते तरी बघायचं होतं."

मी बघितलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्यात शक शिरला तो शिरलाच. लोक मला खवचट म्हणायचे. म्हणू दे. पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्या टेबलावरून खोटी दस्तखत आणि खोटं अक्षर एकही पुढं गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

म्हातारपणी मी लातूरला लेकीकडे राहायला आलो. गल्लीत महानंदा नावाची पोरगी राहते. पोरगी म्हणजे माझ्या हिशोबानं, नाहीतर तिशी ओलांडलेली बाई आहे. बापाची डाळमिल, ही इंजिनिअर, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. एका रविवारी ती आली आणि विचारायला लागली, की आप्पा, एवढ्या तालुक्यांच्या बातम्या एका पानावर कशा यायच्या, कुठली घ्यायची ते कोण ठरवायचं. मला वाटलं, ही कुणासाठी तरी चौकशी करून राहिली. मी विचारलं, तुला कशाला पाहिजे. मग तिनं सांगितलं ते मला एका बैठकीत समजलं नाही, तीन बैठका लागल्या.

मला समजलं तसं सांगतो. बाजारातला प्रोग्राम आतून बंद असतो, तो कसा चालतो ते मालकालाच माहीत. काही लोक मात्र प्रोग्राम उघडा ठेवतात. एखाद्या बाईनं लोणच्याची कृती घराच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवावी, कुणीही बघून करावं, मीठ जास्त वाटलं तर आकडा खोडून सुधारावा, तसं. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. कुणी मालक नाही, पगार नाही, फुकट.

"लातुरात फुकट फक्त मिलचा धुरळा मिळतो," मी म्हणलो. "तुमचा यात काय फायदा?"

"काहीच न्हाई आप्पा."

"मग तर नक्कीच काहीतरी हाय."

ती हसली. मी हसलो नाही. पण तिनं प्रोग्राम दाखवला तो मी नीट बघितला. त्याचं नाव 'उतारा'. साप चावल्यावर जी लस टोचतात ती कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते फोनवर दाखवणारा. दवाखान्यातली माणसं रोज आकडा टाकायची आणि खेड्यातला माणूस फोन उघडून बघायचा, की पेशंटला इकडे न्यायचं का तिकडे. आपल्या भागात सोयाबीन खुरपताना काय होतं ते मला कुणी सांगायला नको. साप चावलेल्या माणसाला चुकीच्या दवाखान्यात नेलं, तर रस्त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

असे पाच उघडे प्रोग्राम आपल्या भागातली माणसं चालवत होती. नांदेडचा इरफान मराठी आणि उर्दू टाइप करायचा कीबोर्ड बनवायचा. माहूरच्या दिगंबरनं गडावर येणाऱ्या यात्रेकरूंना खोल्या कुठं रिकाम्या आहेत ते दाखवणारं काही केलं होतं. बाकीचे दोघं पडद्यावरून बोलायचे, त्यांचे चेहरे मला आजही नीट आठवत नाहीत. अडचण अशी, की प्रोग्राम सतत बदलतो. नवा काय आला, जुन्यात काय चूक निघाली, हे वापरणाऱ्याला कळायला पाहिजे. कुणी व्हॉट्सअपवर टाकायचा, कुणी कुठंच नाही. म्हणून त्यांना पाचांची मिळून बातमीची एक जागा पाहिजे होती. प्रत्येकानं आपली बातमी तिथं द्यायची, आणि तिथून ती ज्याच्या त्याच्या प्रोग्रामच्या पहिल्या पानावर जायची. माझी डाकच ती, फक्त एसटी नाही.

बैठक मिलच्या मागच्या खोलीत झाली. तुरीच्या फोलपटांच्या पोत्यांवर मी, महानंदा, इरफान आणि दिगंबर, मधे महानंदाचा लॅपटॉप. त्यांचं यंत्र बरंचसं तयार होतं आणि तिघंही खुशीत होते. मी विचारलं, बातमी टाकायची चावी, म्हणजे तुमचा तो पासवर्ड, कुणाकुणाकडे आहे. दिगंबर म्हणाला, चावी एकच हाय आप्पा, ग्रुपवर टाकलीय, ज्याला वेळ असेल तो टाकतो. सोय पडते.

मी त्यांना उमरीच्या हॉटेलातले कागद सांगितले. अंगणवाडीची बाई सांगितली. मी अक्षर बघितलं होतं, हेसुद्धा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते तिथं, पोत्यावर बसून. मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही कायदे लिहिले. चावी ज्याची त्याची, बातमीखाली माणसाचं नाव. एका प्रोग्रामची बातमी दुसऱ्या कुणीतरी वाचून पुढं सोडायची, घरच्या माणसानं नाही. छापलेलं पुसायचं नाही. चुकलं तर त्याच्याच डोक्यावर खुलासा लावायचा, चौथ्या पानाच्या तळाला नाही. आणि वाचणाऱ्यानं बातमी थांबवली तर ज्यानं थांबवली त्यानंच सोडायची, दुसऱ्या कुणाला मुभा नाही. हा शेवटचा कायदा माझा. हापिसात मी थांबवलेली पाकिटं माझ्या माघारी साहेब सोडून द्यायचे, तो राग होता.

महानंदा अडून बसली. ती म्हणाली, "धोक्याची बातमी असली तर? तिला कशाला अडवायचं?"

"खोटी बातमी धोक्याचंच सोंग घेऊन येती," मी म्हणलो. "न्हाईतर तिला कोण वाचंल?"

मी ऐकलं नाही. वयाचा मान होता, आणि उमरीच्या गोष्टीनं सगळे दबले होते. कायदा सगळ्या बातम्यांना एकच राहिला. 'उतारा'च्या बातम्या वाचायला त्यांनी मलाच नेमलं. महानंदा म्हणाली, तुमच्याइतका शकी माणूस जिल्ह्यात मिळायचा न्हाई. मी ते कौतुक समजलो.

दोन वर्षं झकास गेली. लेकीनं दिलेल्या फोनवर दोन बटणं यायची, 'जाऊ द्या' आणि 'थांबवा'. शिवाय दुसऱ्यांच्या बातम्यांवरही मी नाक खुपसायचो. इरफानच्या बातमीत दोनच शब्द असायचे, 'सुधारणा केल्या.' मी फोन करून विचारायचो, कसल्या. तो म्हणायचा, आप्पा, लोगां समझ लेते. मी म्हणायचो, लोक समजून घेतात म्हणूनच फसतात. दिगंबरच्या बातमीत देवीचं नाव चार वेळा आणि प्रोग्रामचं एकदा. एकदा एक परका गडी गोड बोलत आला. आमचाही प्रोग्राम उघडाच आहे, जनसेवाच आहे, आमची बातमी तुमच्या पानावर लावा म्हणाला. मी म्हणलो, तुमच्यातला दुसरा माणूस आणून उभा करा. दुसरा आला नाही. पुढं कळलं, त्याचा प्रोग्राम लोकांच्या फोनमधली सगळी नावं उचलून न्यायचा. त्या दिवशी मी गल्लीतून जरा ताठ चाललो.

मग तो पावसाळ्यातला सोमवार आला.

सकाळी सव्वानऊला फोनवर बातमी आली. 'उताऱ्यातले आकडे चुकीचे आहेत. लस शिल्लक दिसली तरी विश्वास ठेवू नका. आधी दवाखान्यात फोन करा.' खाली नाव महानंदाचं. वर यंत्राची बारीक ओळ, की ही बातमी नव्या फोनवरून आली आहे. मी दोनदा वाचली. महानंदा बातमी लिहायची तर 'कृपया'पासून सुरू करायची, शेवटी सगळ्यांचे आभार मानायची. इथं कृपया नाही, आभार नाहीत. आणि आपल्याच प्रोग्रामवर विश्वास ठेवू नका असं कोण लिहितं. दस्तखत खरी, अक्षर दुसऱ्याचं. मी 'थांबवा' दाबलं.

तिला फोन लावला, बंद. इरफानला लावला.

"सोडून द्या न आप्पा. झूठ निकली तो निकाल देंगे."

"छापलेलं निघत न्हाई."

"आप्पा, सापाचा मामला हाय."

त्याची घाई बघून मला त्याचाही शक आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर असंही वाटलं, की महानंदाचा प्रोग्राम पाडायचा डाव यांच्यातच शिजला असेल. मी फोन ठेवला. मिलवर गेलो. तिचा बाप म्हणाला, ती पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेली, काल तिचा फोन पाण्यात पडला, नवा घेतला, पण नंबर अजून चालू झाला नाही. म्हणजे नव्या फोनचं खरं होतं. तरी मला पुरेना. नवा फोन तिचा असेल, पण तो गाडीत कुणाच्या हातात होता? तिनं खरंच बातमी लिहिली का, हे कुठं कळलं? मी घरी येऊन बसलो, पुन्हा फोन लावले, पुन्हा बंद. असे दोन तास गेले. शेवटी डोक्यात उजेड पडला, की माणूस सापडत नसेल तर बातमी तपासता येते. सकाळी सव्वानऊलाच हे सुचायला पाहिजे होतं.

रिक्षा करून मी एका दवाखान्यात गेलो. औषधाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला माझा फोन दाखवला. त्यावर आठ बाटल्या दिसत होत्या. तो म्हणाला, "परवाच संपल्या बाबा. म्या शून्य टाकलंय. ह्यात आठच दिसून राहिले, दोन दिवस झाले." मी तिथंच उभ्या उभ्या 'जाऊ द्या' दाबलं. खिडकीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

दुसऱ्या दिवशी इरफाननं सांगितलं. उमरीजवळच्या एका खेड्यात सोमवारी अकराच्या सुमाराला एका बाईला सोयाबीनमध्ये साप चावला होता. नवऱ्यानं फोन उघडला, लस शिल्लक दिसली त्या दवाखान्याकडं गाडी घातली, तिथं बाटली नव्हती. तिथून जीप करून नांदेड. बाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बोटं बहुतेक वाचली असती.

मी दोन दिवस जेवलो की नाही आठवत नाही. लेक म्हणत राहिली, आप्पा, प्रोग्रामात बिघाड होता, तुम्ही काय केलं. मी काय केलं ते मला माहीत होतं.

महानंदा पुण्याहून आली ती थेट माझ्याकडे. रागावली नाही, हे जास्त लागलं. तिनं सांगितलं, की बिघाड तिच्या नव्या सुधारणेतला होता, जुने आकडे पानावर अडकून बसत होते. ते तिला गाडीत बसल्यावर कळलं. मग सहप्रवाशाच्या नेटवरून घाईत चार ओळी खरडल्या, कृपया लिहायला वेळ नव्हता. मग हळूच म्हणाली, धोक्याच्या बातमीचा कायदा बदलू या का.

मी तिला हो म्हणलो. जन्मात मी एवढ्या लवकर कुणाला हो म्हणलेलं नाही. घरी बसून मी एवढंच शिकलो होतो, की माझ्या तराजूत दोन्ही पारड्यांना एकच वजन लावलं होतं. अंगणवाडीच्या बाईची खोटी बातमी सुटली तर माणूस बुडतो. 'आधी फोन करून विचारा' ही खोटी बातमी सुटली असती तर काय झालं असतं? खेड्यापाड्यातल्या लोकांनी एक फोन जास्तीचा केला असता. शक करायचा तर काय थांबवून राहिलो त्याचाही करायला पाहिजे. आता कायदा असा आहे, की सावध करणारी बातमी आधी जाते, मग वाचली जाते. कौतुकाची मात्र रांगेत उभी राहते. दिगंबर अजून कुरकुरतो.

राहिला खुलासा. छापलेल्या बातमीच्या डोक्यावर तो लावायचा, हा आमचाच कायदा. महानंदानं मजकूर लिहून आणला, 'तांत्रिक कारणामुळे ही सूचना उशिरा प्रसिद्ध झाली.' मी विचारलं, "तांत्रिक कुठं होतं? यंत्र तर सव्वानऊलाच तयार होतं."

"आप्पा, तुमचं नाव कशाला? लोक काय काय बोलतील."

मी तिला बाजूला बसवून स्वतः सांगितलं आणि तिनं टाइप केलं. 'ही सूचना सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता आली. ती खरी होती. मला शक आल्यामुळे मी ती सव्वा वाजेपर्यंत थांबवून ठेवली.' खाली माझं पूर्ण नाव, गावासकट. एवढी वर्षं पेपरात काढली, माझं नाव कधी छापून आलं नव्हतं. डाकेवरच्या माणसाचं येत नाही. ते असं आलं.

महिन्यानं मी एसटीनं उमरीला गेलो, तिथून रिक्षानं त्या खेड्यात. नवऱ्याचं नाव माधव, बाईचं सुमन. त्याला वाटलं, मी पंचनाम्यासाठी आलोय. पाणी दिलं, खाट टाकली. सुमनबाई दारात बसली होती, उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातानं शेंगा फोडत होती. मी कोण ते सांगितलं. माधवला कळेना. तो म्हणाला, "साप आमच्या वावरातला, बाबा. तुमचा काय संबंध?"

मग मी सगळं सांगितलं. किती वाजता बातमी आली, मी काय दाबलं, का दाबलं. माफी मागितली. ते जमेल असं वाटलं नव्हतं, पण शब्द निघाले. माधव उठून गोठ्याकडे गेला आणि आला नाही. सुमनबाई शेंगा फोडायची थांबली होती.

"नवाला आली हुती?" तिनं विचारलं.

"सव्वानऊला."

"म्या अकराला गेले वावरात."

"हाव."

ती उठली, आत जाऊन फोन घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला.

"नंबर सांगा तुमचा. फिरून आसं थांबलं तर कुणाला बोलायचं ते ठावं पाहिजे."

मी नंबर सांगितला. तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक आकडा शोधून दाबला, वेळ लागला. मग माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिथंच फोन लावला. माझ्या खिशात वाजला तेव्हा कुठं तिनं तो बंद करून कनवटीला लावला.